उधारी खरी आहे, मग काळजी खोटी कशी?

प्रश्न : ताई, नमस्कार. जिंतूर तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. वय ४६. बी-बियाणं, खत, फवारणीची औषधं उधारीवर द्यावीच लागतात, नाहीतर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. सुगी झाली की लोक पैसे आणून देतात, असं वर्षानुवर्षं चाललं. पण लागोपाठ दोन हंगाम अतिवृष्टीनं सोयाबीन गेलं, जे राहिलं त्याला मोंढ्यात भाव नाही. वही उधारीनं भरली. कंपनीचा माणूस दर सोमवारी येऊन बसायलाय, बँकेची सीसी (कॅश क्रेडिटचं कर्ज) वेगळीच. लेक लातूरला नीटच्या क्लासला आहे. रात्री साडेआठला फोन लावतो. नाही उचलला की काळजात धस्स होतं. मग पुन्हा लावतो, मग रेक्टरबाईंना, मग तिच्या खोलीतल्या मुलीच्या वडिलांना. लेक आता चिडायली. आभाळ भरून आलं तरी भीती, ऊन पडलं तरी भीती. छाती गच्च होते, हातापायाला मुंग्या येतात, रात्री तीनला डोळे टक्क उघडे. परभणीला ईसीजी झाला, टू-डी इको झाला, पट्ट्यावर चालवून झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. आईनं उतारा केला. मित्राच्या मेडिकलमधून झोपेची अर्धी गोळी घेतो, ती आता पुरत नाही. तंबाखू वाढली. बायको म्हणते, मानसोपचारवाल्याकडं जा, थेरपी घ्या. माझा प्रश्न सरळ आहे. नुसतं बोलून काय होणार? बोलल्यानं उधारी वसूल होते का?
(कधी कधी वाटतं, सकाळी उठूच नये. हे बायकोला सांगितलेलं नाही.)
— नाव छापू नये

उत्तर : भाऊ, कंसातल्या ओळीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. सकाळी उठूच नये असं थकलेल्या माणसाला वाटू शकतं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण ते एकट्यानं वागवायचं नसतं. आजच वहिनींना सांगा. आणि स्वतःला स्पष्ट विचारा : हा विचार मरणापर्यंत जातो का? कसं, कधी, इथपर्यंत पोचला आहे का? उत्तर हो असेल तर पुढचं वाचायच्या आधी १४४१६ हा नंबर लावा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. आणखी एक. तुमच्या दुकानात काय काय असतं ते मी तुम्हाला सांगायला नको. काही दिवस दुकानाच्या चाव्या रात्री भावाकडे राहू द्या, शटर ओढून एकट्यानं हिशेब करत बसू नका. अशी वाईट घटका येते आणि सरतेही. त्या घटकेला हाताशी काही नसलं, तर माणूस वाचतो. हे मी कळकळीनं सांगतेय.

आता तुमचा सरळ प्रश्न. नाही, बोलल्यानं उधारी वसूल होत नाही. सोयाबीनचा भावही वाढत नाही. ज्याला कुणाला तुमची काळजी खोटी वाटते, त्याला मराठवाड्यातला खरीप माहीत नाही. तुमची काळजी निराधार आहे असं मी म्हणणार नाही, आणि चांगला थेरपिस्टही तसं म्हणणार नाही.

पण पत्र पुन्हा वाचून पाहा. त्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. कंपनीचे पैसे थकलेत, सोमवारी माणूस येणार आहे, हे आजचं काम आहे. त्यावर काहीतरी करता येतं : कोणाच्या मालाचे आडतीवर पैसे झाले, कोणाकडून थोडे थोडे घ्यायचे, कंपनीकडे मुदत मागायची का, बँकेत साहेबांना कधी भेटायचं. दुसरीकडे, लेकीनं फोन उचलला नाही म्हणजे तिला काही झालं असेल तर? पुढच्या सालीही पाऊस असाच पडला तर? ईसीजीत काही दिसलंच नसेल तर? या ‘तर’ला रात्री तीन वाजता उत्तर नसतं. तरी डोकं ते शोधत बसतं, आणि शोधून शोधून इतकं दमतं की सकाळी पहिल्या प्रकारचं काम करायला अंगात त्राण उरत नाही. माझा अंदाज आहे, गेल्या काही महिन्यांत वसुलीला तुमचं बाहेर पडणंच कमी झालं असेल. थेरपीत पहिलं काम हेच होतं, ही दोन सुतं वेगळी करायची. पहिल्याला कागद-पेन लावायचं. दुसऱ्याला उत्तर न देता राहायला शिकायचं. हे ‘राहायला शिकणं’ नुसत्या समजुतीनं येत नाही, सरावानं येतं. म्हणूनच त्याला माणूस लागतो, वेळ लागतो.

घरात बोलायला माणसं आहेत की, असं तुम्ही म्हणाल. आहेत, आणि ती फार मोलाची आहेत. पण घरची माणसं प्रेमानं काय म्हणतात? ‘काही होत नाही हो, झोपा.’ खाजवल्यावर बरं वाटतं तसं घटकाभर बरं वाटतं, मग आग वाढते. रेक्टरबाई ‘मुलगी खोलीत आहे’ म्हणाल्या की तुम्ही सुटकेचा श्वास सोडता. पण तुमचा मेंदू त्यातून काय शिकतो? फोन लावला म्हणून संकट टळलं. उद्या साडेआठला तो पुन्हा फोन मागतो, आज एक मागितला तर उद्या तीन.

मी अंबाजोगाईत थेरपीचं काम करते. तुम्ही माझ्यासमोर बसलात असं धरून चालू. पहिल्या भेटीत सगळी हकीकत. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीला मी तुम्हाला कालच्या रात्रीचे साडेआठ पुन्हा उभे करायला सांगेन, अगदी हळूहळू. कुठं बसला होतात? गल्ल्यावर. फोन वाजत राहिला तेव्हा डोळ्यांपुढं काय आलं? रस्ता, ट्रक, स्कूटी. त्या क्षणी शंभरातलं किती खरं वाटलं? नव्वद. अंगात काय झालं? छाती, मुंग्या. मग काय केलंत? सहा फोन. आणि शेवटी काय निघालं? टेस्ट सुरू होती, फोन बॅगेत होता. हे सगळं आपण वहीत लिहू, तारीख घालून. उधारीची वही तुम्ही इतकी चोख ठेवता, तर ही दुसरी वही तुम्हाला जड जाणार नाही. एका रकान्यात काय होईल असं वाटलं, शेजारी प्रत्यक्ष काय झालं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात सतत काळजीचा आजार असलेल्या लोकांकडून असंच लिहून घेतलं होतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साधारण ९१ टक्के काळज्या खऱ्या झाल्याच नाहीत. अभ्यास लहान होता, जेमतेम तीसेक माणसांचा. म्हणून मी त्या आकड्यावर विसंबायला सांगत नाही, तुमच्या वहीतला आकडा तुम्हीच काढा.

मग खरं अवघड काम. लेकीशी ठरवायचं : रात्री पावणेदहाला ती स्वतः फोन करील, त्याआधी तुम्ही लावायचा नाही. रेक्टरबाईंनाही नाही. साडेआठला घालमेल सुरू होईल. दर दहा मिनिटांनी ती किती आहे ते शून्य ते शंभरात लिहायचं. साठ, ऐंशी, पंच्याऐंशी, आणि मग कधीतरी काहीही न करता सत्तर. तो आकडा आपोआप खाली येताना पहिल्यांदा पाहिला की माणसांचा चेहरा बदलतो. एक ताई माझ्याकडे येत. नवरा मोटारसायकलवरून परत येईपर्यंत त्या दारात उभ्या राहत. दारात न जाता भाकरी थापत राहिल्या त्या संध्याकाळचं त्यांनी मला सांगितलं, ‘जीव वर आला होता, पण मॅडम, तो आपला आपणच खाली बसला.’ आपला आपणच, हे डोक्यानं कळून उपयोग नसतो, अंगानं कळावं लागतं.

आणखी एक साधी गोष्ट, तीही पेन स्टेटचीच. तिथले मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली. काळजी करू नका म्हणून ती थांबत नाही, तेव्हा तिला वेळ नेमून द्यायची. रोज संध्याकाळी सहा ते साडेसहा, ठरलेली एक जागा. अंथरूण नको, जेवणाचं ताट नको. दिवसभरात काळजी आली की जुन्या बिलबुकाच्या पाठीमागं एका ओळीत टिपायची आणि सहापर्यंत ठेवून द्यायची. सहा वाजता यादी काढून बसायचं. अर्ध्या गोष्टी तोवर शिळ्या झालेल्या असतात. हे तुम्ही आजपासूनही सुरू करू शकता. पहिला आठवडा जमणार नाही, तरी चालू ठेवा.

विचार आणि वागणं तपासून बदलायच्या या थेरपीला सीबीटी म्हणतात. तिचा पाया अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात घातला. त्याआधी, १९५५ च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी अविवेकी विचार तपासायची विवेकनिष्ठ पद्धत मांडली होती, महाराष्ट्रात ती बऱ्याच जणांना ठाऊक आहे. साधारणपणे आठवड्याला एक, पाऊण ते एक तासाची भेट, अशा बारा-पंधरा भेटी लागतात. मधल्या दिवसांचा गृहपाठ असतो आणि खरा बदल त्या गृहपाठातच होतो. कुणाला उधार द्यायचं, धंदा बदलायचा का, असले सल्ले थेरपिस्ट देत नाही. दिले तर समजा की तो थेरपीतून बाहेर गेला.

तुमची छाती आणि मुंग्या. हे मनाचे खेळ नाहीत. धोका आहे असं मेंदूला वाटलं की ॲड्रेनलीन वाढतं, ठोके वाढतात, श्वास उथळ आणि जलद होतो. त्या जलद श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, त्याच्या मुंग्या. छातीचे स्नायू तासन्‌तास आवळलेले राहतात, तोच गच्चपणा. हृदय तपासून घेतलंत हे योग्यच केलंत. पण आता पुन्हा पुन्हा ईसीजी काढू नका, तोही रेक्टरबाईंना केलेल्या फोनसारखाच आहे. त्याऐवजी थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासलेली नसेल तर तपासा. थायरॉईड वाढलं तरी अशीच धडधड होते. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाबरोबर कपभर चहा होत असेल, तो दुपारनंतर बंद करा. तंबाखूनं शांत वाटतं, पण निकोटीन ठोके वाढवतं.

तुम्हाला मात्र नुसती थेरपी सांगून मी थांबणार नाही. सहा महिन्यांहून जास्त काळ, जवळपास रोज, अनेक गोष्टींची न आवरणारी काळजी, सोबत झोप मोडणं, थकवा, अंग आवळलेलं राहणं, हे चिंताविकाराचं चित्र आहे. त्यात पहाटे तीनची जाग आणि ती कंसातली ओळ, म्हणजे नैराश्यही सोबत असू शकतं. पत्रावरून निदान होत नसतं, म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना भेटा, तेही याच आठवड्यात. ते कदाचित रोज घ्यायची गोळी सुरू करतील. तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी थोडे जास्तही लागतात, आणि बरं वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवायची असते. पहिल्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून ती सोडू नका. मित्राच्या मेडिकलमधल्या अर्ध्या गोळीबद्दल डॉक्टरांना खरं सांगा, नाव, किती, किती दिवस. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांची सवय लागते, पुरेनाशा होतात, आणि रोजची असेल तर एकाएकी बंद करणंही धोक्याचं असतं. ती डॉक्टर उतरवत आणतील. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. नांदेड, लातूर, अंबाजोगाईची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आणि छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, इथंही मानसोपचार विभाग आहेत. खासगीत थेरपीसाठी जाल तेव्हा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारा. विचारण्यात संकोच नको.

आईंनी उतारा केला, त्यावर रागावू नका. त्यांनाही लेकाची काळजी आहे. त्यांना सांगा की डॉक्टरकडेही जातोय.

प्रश्न : ताई, मी औसा तालुक्यातली. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. किल्लारीच्या भूकंपात त्यांचं माहेर गेलं. अजून त्या दाराच्या तोंडाशीच झोपतात. पहाटे चारच्या आत उठून सगळ्यांना हात लावून बघतात. ट्रक गेला आणि भांडं वाजलं तरी बाहेर पळतात. टीव्हीवर हिंगोलीकडच्या धक्क्यांची बातमी आली की दोन-दोन दिवस जेवत नाहीत. आता माझा सात वर्षांचा मुलगाही आतल्या खोलीत झोपत नाही. इतक्या वर्षांनी यावर काही होतं का? की वय झालं, सोडून द्यायचं?
— एक सून

उत्तर : सोडून द्यायचं नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. तुमच्या सासूबाई चारच्या आत उठतात, यात नवल काहीच नाही. त्यांचं शरीर ती वेळ अजून राखत बसलं आहे. वर २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यात खरोखर धक्के बसले, त्यामुळे त्यांची भीती घरच्यांना वाटते तितकी जुनी राहिलेली नाही.

एवढ्या वर्षांनीही उपचाराचा गुण येतो, आणि वय आडवं येत नाही. आघातावर काम करणारी थेरपी वेगळी असते. तिच्यात माणूस त्या रात्रीची हकीकत आपल्या गतीनं, जमेल तेवढी, सुरक्षित जागी बसून सांगतो, पुन्हा सांगतो. हळूहळू ती गोष्ट ‘आत्ता घडतेय’ अशी न राहता ‘तेव्हा घडली’ अशी होते. मात्र हे तुम्ही घरी करू नका. ‘सांगा ना आई, काय झालं होतं?’ म्हणून खोदून विचारलेलं सोसत नाही. त्या आपणहून बोलल्या तर हातातलं काम ठेवून ऐका. माहेरच्या माणसांची नावं त्यांना घेऊ द्या. कित्येक घरांत ती नावं पुन्हा कधी घेतलीच गेली नाहीत.

दाराजवळचं अंथरूण हलवायची घाई करू नका, त्यावरून वाद तर मुळीच नको. थेरपिस्टबरोबर ठरवून ते हातभर हातभर आत येईल. बातम्या त्यांच्यासमोर एकदाच लावा, दिवसभर नको. आणि घर कसं बांधलंय हे एकदा गवंड्याकडून नाही, अभियंत्याकडून बघून घ्या. खऱ्या धोक्याचा बंदोबस्त झाला की उरलेल्या भीतीवर काम करणं सोपं जातं.

मुलाचं वेगळं. तो आजीकडून भीती शिकतोय, पण ती अजून कोवळी आहे. त्याला धक्का बसला तर काय करायचं ते खेळासारखं शिकवा : टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं, धरून बसायचं, हलणं थांबलं की मोकळ्या जागेत. काय करायचं ते माहीत असलेलं लेकरू लवकर झोपतं. आतल्या खोलीत पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसा, मग दारात, मग बाहेर. महिनाभरात फरक पडला नाही तर त्यालाही दाखवा.

प्रश्न : मला काळजीचा त्रास आहे, डॉक्टरांनी थेरपी सांगितली. देगलूरहून नांदेडला दर आठवड्याला जाणं परवडत नाही, एक दिवसाची मजुरी बुडते. मोबाईलवर थेरपी होते का?
— एक वाचक

उत्तर : होते, आणि काळजीच्या त्रासात व्हिडिओवरची थेरपीही समोरासमोरच्या थेरपीइतकाच गुण देते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. जमलं तर पहिली भेट प्रत्यक्ष घ्या, पुढच्या मोबाईलवर. खरी अडचण नेटवर्कची कमी आणि घरातल्या कानांची जास्त असते. माझ्याकडचे काही जण शेतातल्या आखाड्यावर बसून बोलतात, एक जण उभ्या टेम्पोत बसून बोलतो. इअरफोन लावा आणि तेवढा वेळ घरच्यांना ‘डॉक्टरांचा फोन आहे’ एवढंच सांगा. व्हिडिओ अडकत असेल तर नुसत्या आवाजावर चालू ठेवा. फी आधीच विचारा, परवडत नसेल तर तसं सांगा. पुष्कळ जण कमी करतात, किंवा पंधरा दिवसांनी एक भेट आणि मध्ये गृहपाठ अशी सोय लावून देतात. सरकारी रुग्णालयात जात असाल तर दोन भेटींच्या मधल्या काळासाठी १४४१६ आहेच. सहा-आठ भेटींनंतरही झोप, भूक, कामावर जाणं यांत काहीच बदल दिसला नाही, तर गप्प राहून सोडून देऊ नका. थेरपिस्टलाच विचारा की आता वेगळं काय करायचं.